टर्बोचा बूस्ट वाढवावा की फ्लॅटचं कर्ज फेडावं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय 41. जर्मनीत लुडविग्सबुर्गला राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. पत्नी अर्धवेळ काम करते, मुलगी आठ वर्षांची. दोघांचे मिळून महिन्याला हातात 5,600 युरो येतात. बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता धरून 4,200 खर्च होतात. बँकेत 62,000 युरो आहेत. 1989 ची, 250 अश्वशक्तीची पोर्शे 944 टर्बो 31,500 युरोंना मिळते आहे. तिच्यावर आणखी 12,000 घालून ती 320 अश्वशक्तीपर्यंत न्यायची इच्छा आहे. जुन्या गाड्यांचे भाव वाढतात, म्हणजे ही गुंतवणूकच नाही का? सहा वर्षांनी पुण्याला परतताना गाडी सोबत नेता येईल का? पत्नीचं म्हणणं, त्याच पैशात फ्लॅटचं उरलेलं 18 लाखांचं कर्ज फेडून टाकू.

नमस्कार.

पुण्याचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो सोपा आहे. गाडी नेता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. तुमची दोन्हींत नापास. म्हणजे सहा वर्षांनी ती तिकडेच विकावी लागेल, हे आजच गृहीत धरा. पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

आता बँकेतले 62,000. ते तुमचे आहेत, पण सगळे मोकळे नाहीत. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे 25,200 बाजूला. आई-वडील साताऱ्याला असतात आणि वडिलांची बायपास झाली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. रात्रीतून विमान पकडावं लागलं, इस्पितळात आगाऊ रक्कम भरावी लागली, तर त्यासाठी 6,000 वेगळे हवेत. उरले 30,800. गाडी 31,500 ची. थोडक्यात, ज्या 12,000 वरून तुमचा आणि वहिनींचा वाद चालला आहे, ते तुमच्याकडे नाहीतच. तुम्ही ते टर्बोवर घातले काय किंवा त्यांनी कर्जात भरले काय, जाणार ते अडीअडचणीच्या पैशांतूनच.

गाडीला माझा विरोध नाही. तुमच्या पत्रात दुसरं कसलंच कर्ज नाही, क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही, आणि नेकार्सुल्मच्या ज्या कारखान्यात ही गाडी बनली तो तुमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. हौस म्हणून घ्या. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका, कारण आकडे तसं म्हणू देत नाहीत. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला एच-पाटी, म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांची खास नंबरप्लेट, मिळते आणि इंजिन कितीही मोठं असलं तरी वर्षाचा कर 191.73 युरो पडतो. तुम्हाला आलेलं विम्याचं कोटेशन 420 चं, गॅरेजचं भाडं महिन्याला 90 म्हणजे वर्षाला 1,080. तीन हजार किलोमीटर फिरवलीत तर पेट्रोल ढोबळमानाने 800. दुरुस्तीसाठी वर्षाला 2,500 तरी बाजूला काढायलाच हवेत. बेरीज जवळपास 5,000. म्हणजे 31,500 च्या गाडीचा भाव दरवर्षी सोळा टक्के वाढला तर कुठे तुमचा खर्च भरून निघेल. वर्षभर ठेवून विकली तर जर्मनीत खासगी विक्रीच्या नफ्यावर कर लागत नाही हे खरं, पण आधी नफा तर हवा.

दुरुस्तीचे 2,500 जास्त वाटत असतील तर ही गाडी खालून बघा. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांना जोडणारी लांब टॉर्क ट्यूब मधोमध. वजनाचा तोल त्यामुळेच इतका छान बसतो. पण क्लच बदलायचा तर एक्झॉस्ट उतरवा, गिअरबॉक्स काढा, टॉर्क ट्यूब मागे सरकवा, मग क्लच दिसणार. क्लच प्लेटपेक्षा मजुरीच भारी पडते. जुन्या प्लेटच्या मध्यभागी रबर असतं आणि ते वयानेच फाटतं, गाडी कितीही जपून चालवलेली असो. टायमिंग बेल्टचंही तसंच. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही शे युरोंचं काम काही हजारांवर जातं. शेजारी बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) वेगळा बेल्ट आहे, तोही सोबतच बदलायचा. ऑइल कूलरची सीलं गेली की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतं. गाडी बघायला जाल तेव्हा कूलंटच्या टाकीचं झाकण थंड इंजिनावर उघडा. आत कॉफीत दूध घातल्यासारखा साय धरलेला लगदा दिसला तर चहा पिऊन परत या.

आणखी एक करा. गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, मग बंद करा आणि कान द्या. बोनेटखाली एक छोटा विजेचा पंप किल्ली काढल्यावरही घरघरत राहतो, तापलेल्या टर्बोभोवतीचं पाणी फिरवत. तो आवाज आला नाही तर टर्बो किती वर्षं तसाच भाजून निघतो आहे हे विचारा, आणि त्याप्रमाणे भाव पाडा.

आता ते 320. तुम्हाला गॅरेजवाल्याने सांगितलं की इंजिनाच्या संगणकात नवी चिप घालू, बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) पाऊण बारवरून एक बारच्या वर नेऊ, टर्बो मोठा बसवू, झालं. त्याच्या कामापुरतं त्याचं झालं, तुमचं तिथून सुरू होतं. बूस्ट वाढला की हवा जास्त जाते, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर बदला. आत जाणारी हवा मोजणाऱ्या मूळ एअरफ्लो मीटरचा झडपेचा दरवाजा त्या हवेला अपुरा पडतो, म्हणून तो बदला. 98 ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. मूळ यंत्रणेत नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) ओळखून इग्निशनची ठिणगी मागे घेणारा आणि बूस्ट मर्यादेबाहेर गेला की आवरणारा एक स्वतंत्र कंट्रोल युनिट आहे. बऱ्याच चिपवाल्यांचा पहिला हात त्याच्याच मर्यादेवर पडतो. मग हेड गॅसकेट जातं, या इंजिनाचं ते ठाऊक असलेलं दुखणं आहे. गॅसकेट भक्कम केलंत तर वाढलेला टॉर्क (इंजिनाचा पीळ) मध्यभागी रबर असलेल्या त्या क्लचवर येतो, आणि क्लच कुठे बसलाय ते वर वाचलंतच. 12,000 हा या साखळीच्या पहिल्या काही कड्यांचा खर्च आहे.

जर्मनीत याला कायद्याची बाजूही आहे आणि तीच मला जास्त बोचते. एच-पाटीच्या गाडीत बदल चालतात, पण ते त्या काळातले हवेत. साधारणपणे गाडीची पहिली नोंदणी झाल्यापासून दहा वर्षांत जे केले गेले किंवा तेव्हा सर्रास केले जात, तेवढेच. आजचा कंट्रोलर, आजचा टर्बो बसवलात तर पाटी जाऊ शकते. मग कर सिलिंडरच्या आकारमानावर येतो. 2,479 सीसीला, युरो-1 प्रदूषण मानकाची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाली गाडी धरली तरी 378 युरो, म्हणजे जवळपास दुप्पट. हे परवडेल. पण बदल ट्यूफ या वाहन तपासणी संस्थेकडून तपासून कागदावर चढवले नाहीत तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच बाद ठरू शकतो. अपघात झाला तर समोरच्याचं नुकसान विमा कंपनी भरेल, पण 5,000 युरोंपर्यंत तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि कास्कोत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, तुमच्या गाडीचे पैसे कापू शकते, कदाचित नाकारूही शकते. आधी विमा कंपनीला लेखी विचारा, मग पाना उचला.

नॉर्डश्लाइफेवर, म्हणजे न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या शर्यतीच्या ट्रॅकवर, एकदा तरी फिरवायची, असंही लिहिलंय. जा. 20.8 किलोमीटरचा तो रस्ता पर्यटकांना खुला असतो त्या दिवशी वाहतुकीचे नेहमीचेच नियम लागू असतात. पण विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो, आणि रेलिंगला धडकलात तर रेलिंगचं बिलही चालवणाऱ्याच्याच नावावर येतं. एका चुकीच्या वळणात वर्षाची बचत जाऊ शकते. त्या दिवशी मूळ 250 अश्वशक्ती पुरे झाली, असं तुम्हीच म्हणाल.

वहिनींच्या म्हणण्यात दम आहे. 18 लाखांच्या कर्जावर तुमचा दर साडेआठ टक्के. ते 12,000 युरो, म्हणजे ढोबळमानाने 12 लाख, आज भरले तर पहिल्याच वर्षी लाखभर रुपये व्याज वाचतं, आणि व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही नाही. इतका खात्रीचा परतावा दुसरीकडे शोधून सापडणार नाही. फक्त तेही राखीव पैशांतून नको.

म्हणून क्रम असा लावा. आज काहीच घेऊ नका. पाच महिने महिन्याचे 1,400 साठू द्या, 7,000 होतील. मग 37,800 हातात असतील: 31,500 गाडीला आणि 6,300 दोन्ही बेल्ट, होज, टायर, ब्रेक आणि ट्यूफसाठी. पहिलं वर्ष बूस्टला हात नाही. फार खाज सुटली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक पॅड बदला, मूळ भाग खोक्यात जपून ठेवा. विकताना गिऱ्हाईक त्या खोक्याचेही पैसे मोजतं, चिपचे मोजत नाही. गाडी आल्यावर तिच्या खर्चाचे महिन्याला साधारण 415 गेले की 985 उरतात. त्यातले 500 दरमहा फ्लॅटच्या कर्जात जादा भरा. आजच्या ढोबळ भावाने वर्षाला सहा लाख होतात आणि नेहमीचा हप्ता चालूच आहे, म्हणजे कर्ज तीन वर्षांच्या आत संपतं. बाकीचे मुलीच्या नावाने इंडेक्स फंडात.

कर्ज संपेल त्या महिन्यात 320 चा विषय पुन्हा काढा, वहिनींसमोर. तोपर्यंत गाडी तुम्हाला आतून-बाहेरून कळलेली असेल आणि फ्लॅटचा हप्ताही हातात राहू लागलेला असेल.

विकणारा पाच महिने थांबणार नाही म्हणेल. तर जाऊ द्या. 944 टर्बो पंचवीस हजारांच्या आसपास बनल्या, दुर्मीळ नाहीत, आणि थंडीत या गाड्यांना गिऱ्हाईक कमी असतं. पुढची बघाल तेव्हा रंगाआधी पावत्यांची फाईल मागा. बेल्ट कधी बदलले याची पावती नसेल तर ते बदललेलेच नाहीत असं धरून भाव करा.