मंगळावरची वाळू, दोन ऑफर आणि व्हिसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये (द्रव आणि वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र) झालंय, पीएच.डी. मंगळावरची नदीपात्रं आणि वाळूच्या टेकड्या यांवर करायची आहे. एक ऑफर अमेरिकेतल्या भूविज्ञान विभागाची, दुसरी युरोपातल्या मेकॅनिकल विभागाच्या टर्ब्युलन्स (खळबळते, अनियमित प्रवाह) गटाची. कुठली घेऊ आणि पुढे नोकरीचं काय? मी पीएच.डी. अमेरिकेत केली, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधन-नोकरी) जर्मनीत, आता ब्रिटनमध्ये शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचे चटके खाल्लेत.

आधी विषयाबद्दल. मंगळाच्या पृष्ठभागाजवळच्या हवेची घनता घनमीटरला साधारण ०.०२ किलो, पृथ्वीवर सुमारे १.२. गुरुत्वाकर्षण ३.७ मी/से², पृथ्वीवर ९.८. एवढ्या विरळ हवेत वाळूचा कण हलवायला फार जोराचा वारा लागतो, आणि तसा वारा तिथे क्वचितच वाहतो, असं जुनी गणितं सांगत. म्हणून बऱ्याच जणांना त्या टेकड्या थिजलेल्या वाटत. पुढे २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाचे बारकाईचे फोटो यायला लागले आणि टेकड्या सरकताना दिसल्या! उलगडा कणांच्या उड्यांत होता. एकदा उडालेला कण कमी गुरुत्वाकर्षणामुळे लांब झेप घेतो आणि पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. त्यामुळे वाळू हलायला सुरुवात होण्यासाठी जेवढा वारा लागतो, त्याच्या कितीतरी कमी वाऱ्यात ती हलत राहते. फोटो वाचणाऱ्याने प्रश्न उभा केला आणि कणांचं गणित येणाऱ्याने तो सोडवला.

म्हणून माझा कल युरोपातल्या ऑफरकडे आहे, पण एका अटीवर: ग्रहविज्ञानातला दुसरा गाईड लेखी मिळाला पाहिजे. तोंडी 'बघू नंतर' म्हणाले तर चार वर्षं पाइपातला प्रवाह मोजत बसाल. हे मी पाहिलंय. उलट दिशेनेही अडचण आहेच. भूविज्ञानातून आलेल्याला तिसाव्या वर्षी टर्ब्युलन्सचं गणित नव्याने शिकणं जड जातं, तुम्हाला फोटोंवरून भूरूपं ओळखणं एवढं जड जाणार नाही. (माझे भूवैज्ञानिक मित्र यावर भांडतील. भांडू देत.)

आता नागरिकत्व. अर्ज करताना हे कुणीच सांगत नाही. अमेरिकी विद्यापीठात नासाच्या ग्रँटवर परदेशी विद्यार्थी खुशाल काम करतो. पण नासाच्या केंद्रातली कायम सरकारी नोकरी नागरिकांनाच मिळते, आणि यानाच्या हार्डवेअरजवळ जायचं म्हटलं की निर्यात-नियंत्रणाचे (संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी लोकांच्या हाती जाऊ नये यासाठीचे) कायदे आडवे येतात. एनएसएफ या अमेरिकी सरकारी विज्ञान-निधी संस्थेची प्रसिद्ध पदवीधर फेलोशिपही परदेशी विद्यार्थ्याला नाही. दिलासा एवढाच की यानांचा जुना डेटा नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या ऑनलाइन संग्रहावर सगळ्यांना फुकट आहे आणि फ्लूमला (प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या कृत्रिम पाटाला) पासपोर्ट दाखवावा लागत नाही. प्रयोग आणि सिम्युलेशनवाल्यांचं फारसं अडत नाही.

मोहिमेच्या भरवशावर तर राहूच नका. शनीच्या टायटन या चंद्रावर जाणारं नासाचं ड्रॅगनफ्लाय यान नियोजनाप्रमाणे २०२८ ला उडेल आणि २०३४ ला पोहोचेल. तोपर्यंत तुमची पीएच.डी. संपून एखादी पोस्टडॉकही उरकलेली असेल.

युरोपात बऱ्याच देशांत पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, करार तीन-चार वर्षांचा. अमेरिकेत कोर्सवर्क धरून पाच-सहा वर्षं. मात्र तिथे पदवीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची परवानगी) १२ महिने आणि स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळते, नोकरी शोधायला ती फार उपयोगी पडते. युरोपीय महासंघाच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या अर्जात एक अट डोक्यात ठेवा: आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे ज्या देशात पीएच.डी. कराल, लगेच तिथलीच ही फेलोशिप सहसा मिळणार नाही. घर, जोडीदाराची नोकरी, सगळं यावर हलतं.

नोकरीचं स्पष्टच सांगते. प्राध्यापकाच्या जागा अगदी मोजक्या निघतात. माझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी बरेच जण आज हवामानाची मॉडेल्स, पवनऊर्जा किंवा नदी-अभियांत्रिकीत आहेत आणि मजेत आहेत. ही दारं त्यांना फ्लुइड मेकॅनिक्सने उघडून दिली, मंगळाने नाही.

व्हिसाच्या अर्जात संशोधनाचा विषय साध्या शब्दांत लिहा. मी हौसेने 'विरळ वायूतील उच्चवेगी बहुप्रावस्था प्रवाह' असं लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं, पण वाचणाऱ्याला क्षेपणास्त्र दिसलं असावं. अकरा आठवडे पासपोर्ट तपासणीत अडकला आणि मार्चमधली ह्यूस्टनजवळची ग्रहविज्ञान परिषद हुकली. पुढच्या वेळी 'वारा वाळू कशी वाहून नेतो' असं लिहिलं, नऊ दिवसांत व्हिसा आला.

दोन्ही गटांतल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी गाईडच्या पाठीमागे बोला. शेवटच्या वर्षाचा पगार कुठल्या ग्रँटमधून येणार आणि विंड टनेल (वाऱ्याच्या प्रयोगांचा बोगदा) आठवड्यात किती वेळ मिळतो, एवढं तरी विचाराच. फंडिंगसह दिलेल्या ऑफरवर बहुतेक अमेरिकी विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत थांबतात, त्याआधी उत्तराचा तगादा लावला तर त्या तारखेची नम्रपणे आठवण करून द्या. युरोपातल्या गटाला आजच मेल टाका आणि दुसऱ्या गाईडचं नाव मागा.