हप्ता चुकला तर किती दिवस मिळतात?

पोरी, विमा काढलास ते फार चांगलं केलंस. आता पॉलिसीचा कागद पेटीत ठेवण्याआधी हप्त्याची तारीख आणि सवलतीचे दिवस पाहून घे. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवस मिळतात, दरमहा हप्त्याला १५च. तेवढ्यात भरलं तर विमा चालूच राहतो. मधल्या काळात काही बरंवाईट झालंच, तर थकलेला हप्ता कापून बाकी रक्कम वारसाला मिळते.

त्यानंतर मात्र पॉलिसी बंद पडते. माझी पडली होती. हप्ता दिवाळीच्या तोंडावर, कापूस जिनिंगवर टाकलेला आणि चुकारा हातात आला तेहतिसाव्या दिवशी. मग थकबाकीवर व्याज भरलं, तब्येतीचा फॉर्म लिहून दिला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. ते दिवस मला रात्री झोप नव्हती. म्हणून दुसरी पॉलिसी मुद्दाम जानेवारीत काढली, तेव्हा वेचणीचा पैसा घरात असतो.

पीक कर्जाला हा हिशेब लावू नको बाई. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट. तारीख हुकली की सूट गेली. सोसायटीच्या सचिवाला तारीख विचार आणि कॅलेंडरवर लाल पेनानं गोल कर.

आपल्या बचत गटाचा दंड आपणच ठरवलाय, ठरावाच्या वहीत आहे. अडचण असली तर मीटिंगच्या आधी मला सांग.