एक हात नाही म्हणून दुकानदार एअर रायफल नाकारू शकतो का?

नाकारू शकतो, पण नेमकं काय नाकारतोय ते बघा. तुमचा डावा हात कोपराखाली नाही आणि तुम्ही मागितली ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी वाकवून भरायची रायफल. ती दिली नाही, हे बरोबरच केलं. 'अपंगांना आम्ही बंदूक देत नाही' म्हणून वाटेला लावलं, ते साफ चूक.

ब्रेक-बॅरलमध्ये नळी वाकवली की स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे अडकतो. मग एका हाताने छर्रा बसवायचा आणि नळी मिटेपर्यंत दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवायची. झिजलेला खटका निसटला किंवा चापाला धक्का लागला, तर नळी सपकन वर येते. बोट चिरडतं, नळी वाकते, दस्त्याला तडा जातो. एका हाताचा माणूस दस्ता मांड्यांत दाबतो आणि नळी स्वतःकडे ओढतो, म्हणजे बंदुकीचं तोंड पोटाकडे. सरावाने हे सुटत नाही.

तुम्ही पीसीपी, म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक, मागा. हवा आधीच भरलेली, नळी जागची हलत नाही, लिव्हर हलका; तोंड टार्गेटकडे ठेवून टेबलावरच छर्रा भरता येतो. त्यातही पिस्तूल घ्या. १० मीटर एअर पिस्तूल सगळ्यांनाच एका हाताने मारावं लागतं. पॅरा नेमबाज मनीष नरवालचा उजवा हात अधू, तो डाव्याने मारतो. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पिस्तुलात सुवर्ण, पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात रौप्य. रायफलच हवी असेल तर पॅरा नेमबाजीत बंदुकीचा भार हाताने पेलू न शकणाऱ्यांसाठी एसएच२ गट आहे, तिथे बंदूक स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवतात.

४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे दुकानदार परवान्याचं कारण पुढे करू शकत नाही. शस्त्र कायदा, १९५९ चं कलम ९ सुद्धा विक्री रोखताना वय, शिक्षा, मानसिक स्थिती बघतं. हातपाय मोजत नाही. त्याला सरळ सांगा: रिकामी बंदूक द्या, कॉक करून, म्हणजे डागायच्या तयारीत आणून, पुन्हा उतरवून, तोंड एकाच दिशेला ठेवून दाखवतो, जमलं नाही तर देऊ नका. खरं तर दोन्ही हात धड असलेल्या गिऱ्हाइकाचीही हीच परीक्षा घ्यायला हवी. तिथे मात्र पैसे मोजले की बंदूक हातात!

हे सगळं एअरगनपुरतं. परवान्याच्या बंदुकीत धक्का आणि काडतूस अडकणं आलं, तिथे हिशेब वेगळा. आणि पीसीपी घेण्याआधी हवा भरलेला सिलिंडर जवळ कुठे मिळतो ते विचारून ठेवा. हँडपंपाला दोन्ही हात आणि अंगाचा भार लागतो.