काटा त्यांचा, वजन आपलं

भाऊ, तुमची पोस्ट सकाळी एसटीत वाचली आणि वाचता वाचता माझा थांबा हुकला. दोन महिने रोज साताऱ्याचा अजिंक्यतारा गड चढताय, वजन ९२ चं फक्त ९१ झालंय, आणि आता मित्र वजन उतरवायच्या एका सेंटरला घेऊन चाललाय. तीन महिन्यांत १२ किलोची गॅरंटी, अठरा हजार भरायचे. भरू का, असं विचारलंय तुम्ही. माझे सोळा हजार होते, बाकी सगळं हेच. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

भरू नका.

आधी हे सांगतो की मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. टेबलावर बसून फायली सरकवणारा माणूस आहे. तुम्हाला बीपी, साखर, थायरॉईड यातलं काही असेल तर आधी रक्त तपासून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. पाणी प्या, लवकर झोपा, लिफ्ट टाळा वगैरे मी लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

माझी चूक काट्यापासून सुरू झाली. सेंटरला पहिल्यांदा गेलो तो संध्याकाळी सात वाजता, ऑफिस सुटल्यावर. पोटात दुपारचं जेवण, चार चहा, वाटेतला वडापाव. पायात बूट, खिशात मोबाईल आणि गाडीच्या किल्ल्या. तसाच काट्यावर उभा केला. ९४.६. आठ दिवसांनी बोलावलं ते सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी. बूट काढा म्हणाले, "नियम आहे सर." ९०.८! पावणेचार किलो! टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, गळ्यात रिबिनीचं पदक घातलं. आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, राजवाड्यावरून अर्धा किलो कंदी पेढे घेऊन ऑफिसात वाटले. वजन कमी झालं म्हणून पेढे.

हिशोब त्याच दिवशी मांडायला हवा होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पावणेचार किलो चरबी आठ दिवसांत जायची तर रोज साडेतीन हजारांहून जास्त तूट पाहिजे. मी आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलो असतो तरी तेवढी झाली नसती. मग गेलं काय? एक तर बूट आणि वडापाव. दुसरं पाणी. अंगात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, त्याचा एक ग्रॅम सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. जेवण तोडलं की पहिला हा साठा रिकामा होतो आणि त्याचं पाणीही जातं. पुन्हा जेवायला लागलं की परत येतं. पहिल्या आठवड्याचा चमत्कार सगळ्या सेंटरांत होतो तो यामुळे. पुढचे हप्ते लोक त्या आठवड्याच्या जोरावर भरतात.

पुढे दोन महिने सकाळी पावडर, रात्री पावडर, दुपारी उकडलेली भाजी आणि काकडी. तेल बंद, भाकरी बंद. दिवसाला सहा-सातशे कॅलरी असतील. वजन खरंच उतरलं, त्यांच्या काट्यावर १३ किलो. चेहरा मात्र ओढलेला, केस गळायला लागले, आणि जिना चढताना मांड्या थरथरायच्या. आई म्हणाली, "आजारी माणसासारखा दिसतोस." मी तिच्यावर चिडलो. उपाशी माणूस चिडतो तसा. वजनात नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. ते परत कमवायला घाम गाळावा लागतो. चरबी मात्र आयती परत येते.

तिसऱ्या महिन्यात एका लग्नात जेवलो आणि रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की पाठीपर्यंत. गॅस समजून सोडा प्यायलो. दोनदा असं झाल्यावर सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे. सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, "अलीकडे फार झपाट्यानं वजन कमी केलंत का?" त्यांनी समजावलं ते असं: तेलतूप पोटात गेलं की पित्ताशय आकसून रिकामं होतं. तेल पूर्ण बंद केलं की पित्त तिथंच साचून राहतं. त्यात वजन भराभर उतरत असलं की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, मग खडे धरायची शक्यता वाढते. माझे त्यामुळेच झाले असं शंभर टक्के तेही म्हणाले नाहीत. पण आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरवू नका, अर्धा किलो उत्तम, असं बजावलं. ऑपरेशन झालं. आठ महिन्यांत वजन ९६. म्हणजे सोळा हजार, दवाखान्याचा खर्च, आणि वर दीड किलो बोनस.

सेंटरला सांगायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीनं पावती उलटी करून दाखवली. मागं मुंगीएवढ्या अक्षरात, "परतावा मिळणार नाही, परिणाम व्यक्तीनुसार." वर म्हणाली, "तुम्ही लग्नात जेवलात सर, डाएट तुम्हीच मोडलंत." जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मला फार उशिरा कळलं. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन केला तरी चालतो. कुठंही पैसे भरलेच तर पक्कं बिल घ्या आणि गॅरंटी लिहून मागा. लिहून मागितली की गॅरंटी गायब होते.

पैशाचं जाऊ द्या. पेढे वाटल्याच्या भरात मी ऑफिसातल्या दोघांना तिथं नेलं होतं. माणूस आणला की पुढच्या हप्त्यात सूट होती. ती मी घेतली. त्यातला एक जण अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आता तुमचं. गड गावापासून साधारण तीनशे मीटर उंच. तुमच्या वजनाच्या माणसाचे चढून उतरून तीन-चारशे कॅलरी जात असतील. तुम्ही लिहिलंय की खाली आल्यावर ग्रुपबरोबर "हलका नाश्ता" होतो. भाऊ, तो नाश्ता काय असतो हे मला माहीत आहे, मीही खाल्लाय. मिसळ, दोन पाव, जादा तर्री, वर चहा. पाचशेच्या पुढेच. गड फुकट गेला. ग्रुप सोडू नका, ग्रुपमुळे माणूस पहाटे उठतो. चहावर थांबा, नाश्ता घरी करा.

दुसरं, घरचा तेलाचा डबा. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटर जायचं. मंडळींनी ते तीनवर आणलं, आमटीवरचा कट गेला एवढंच. दोन लिटरचा भागाकार करून बघा, माणशी रोज सव्वाशेच्या वर कॅलरी निघतात. तसंच शेंगदाण्याचा कूट. आपल्याकडं तो मिठासारखा सगळ्यात पडतो, आणि मूठभर दाणे म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. भाकरी सोडायची गरज मला पडली नाही. तीनच्या दोन केल्या आणि घेवड्याची किंवा मटकीची उसळ दुप्पट घेतली. उसळीनं पोट धरतं, चारला फरसाण आठवत नाही.

डाएट दीक्षितांचं की दिवेकरांचं हे मला विचारू नका. ऑफिसात दोन्ही पंथ आहेत. दिवसातून दोनदाच जेवणारा आणि दर दोन तासांनी खाणारा, दोघंही कुणी नवी गाडी घेतली की पेढ्याच्या बॉक्सपाशी भेटतात. मी अर्धा पेढा घेतो. नाही म्हटलं की चर्चा होते, अर्धा घेतला की कुणी बघत नाही.

व्यायामात नुसतं चालू नका. खाशाबा जाधवांचा जिल्हा आपला आणि आपल्याला बैठका काढायची लाज वाटते. मी खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात केली, दहा-दहाचे तीन फेरे, आणि भिंतीला टेकून जोर. आठवड्यातून तीनदा. गुडघे कुरकुरत असतील तर पूर्ण खाली बसू नका. गड उतरताना पळूही नका. गुडघ्यावर चढण्यापेक्षा उतरण्याचा मार जास्त बसतो. पावसाळ्यात पायवाट सोडून डांबरी रस्त्यानं जा, शेवाळावरून एकदा घसरलात की महिनाभर प्लॅस्टर. आणि सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनसाठी ९१ किलोवर यवतेश्वरचा घाट पळायचं मनात आणू नका. २१ किलोमीटर आहे ती. यंदा रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवा.

काटा घरी घ्या आणि रविवारी सकाळीच, उपाशीपोटी, बघा. रोज बघितलात तर वेड लागेल, एका दिवसात किलो-दीड किलो इकडंतिकडं होतंच. त्याहून भरवशाचा टेप. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी असं आपल्याकडचं प्रमाण आहे. माझी १०७ होती, आता ९४ आहे, म्हणजे मीही अजून बाहेरच. ९६ किलोवरून ८२ वर यायला मला दीड वर्ष लागलं. मधले तीन महिने काटा हललाच नाही. त्या तीन महिन्यांतच आईनं माझ्या करदोड्याची गाठ दोन बोटं आत घेतली. आधी सैल झालाय म्हणून ओरडली, मग स्वतःच हसली.

टेप शिलाई सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळेल. आजच कंबर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मित्राबरोबर मात्र सेंटरला नुसती सोबत म्हणून सुद्धा जाऊ नका, माणूस आणला की तिथं कुणाला तरी सूट मिळत असते. रविवारी साडेसहाला मी गडाखालच्या चार भिंती स्मारकापाशी असतो, निळी टोपी. चहा माझ्याकडून, बिनसाखरेचा.