गाणं घेऊन मुंबईला निघालेल्यांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांतल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: संगीतासाठी नाशिक सोडावं का? संगीत संयोजक म्हणून मी मुंबईत बरीच वर्षं काम केलं, आता गंगापूर रोडला शिकवतो. दोन्हीकडचं पाहिलंय, म्हणून माझं मत आधीच सांगतो. शहरात नशीब आजमावायला जाऊ नये, कामाला जावं. कोणतं काम, कोणाकडे आणि किती महिने पुरतील एवढे पैसे, या तिन्हींची उत्तरं तयार असतील तर खुशाल जा.

वय २३. विशारद झालंय. नाशिकमध्ये भावगीतांचे आणि पाडवा पहाटचे कार्यक्रम करते. मला पार्श्वगायन करायचंय. मुंबईत संगीतकारांना भेटायचं कसं? (इंदिरानगर)

संगीतकारांना गाठण्याच्या नादात अनेकांचं पहिलं वर्ष वाया जातं. तुम्ही गाठायचे ते प्रोग्रामर (संगणकावर गाण्याचा ट्रॅक बांधणारे), अरेंजर (वाद्यांची रचना करणारे संयोजक) आणि संगीतकारांचे सहायक. चाल बांधून झाली की ती निर्मात्याला ऐकवण्यासाठी कुणीतरी गाऊन द्यावी लागते, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी. याला स्क्रॅच किंवा डमी म्हणतात. हा फोन जो आवाज जवळ आहे, वेळेवर येतो आणि तासाभरात चाल उचलतो, त्याला जातो. अंतिम गाणं दुसऱ्याच आवाजात येण्याची शक्यता मोठी असते, हे मनाशी धरूनच डमी गावं. पण कोरस, जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं ही कामं याच ओळखीतून येतात, आणि घरभाडं त्यांच्यावरच निघतं.

आता तयारीचं. विशारदपर्यंतचं शिक्षण तुमच्या गळ्यात आहे, ते कुठेही वाया जात नाही. स्टुडिओत गायची सवय मात्र वेगळी करावी लागते. मैफलीत आपण मुखडा फुलवत नेतो, समोरच्यांची दाद घेत पुढे जातो. स्टुडिओत काचेच्या आड तुम्ही एकट्या असता, कानात क्लिक (लयीचा ठोका) टकटकत असते आणि गायला मिळतात दोन ओळी. पलीकडून आवाज येतो, ‘छान, पण शेवटच्या शब्दाआधीचा श्वास ऐकू येतोय, परत घेऊ.’ मग तीच ओळ आठव्यांदा गायची, त्याच भावाने, त्याच जोराने, माइकपासून तेवढ्याच अंतरावरून. कारण पाचव्या टेकचा पूर्वार्ध आणि आठव्याचा उत्तरार्ध जोडला जाणार असतो. तुम्ही मध्येच चार बोटं पुढे सरकलात तर तो सांधा ऐकू येतो. ही सवय इंदिरानगरच्या घरातही लागते. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, एका कानावर हेडफोन ठेवा, दुसरा मोकळा ठेवा, आणि एकच अंतरा रोज दहा वेळा रेकॉर्ड करून लगेच ऐका. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज नकोसा होईल. तरी ऐकत राहा.

दुसरी गोष्ट उच्चारांची. हिंदीत गाताना आपण मराठी माणसं ‘है’ आणि ‘मैं’ यांतला ‘ऐ’ ‘अइ’सारखा म्हणतो, नुक्त्याचे ज़ आणि फ़ सपाट करतो. आपल्याला कळतही नाही, पण हिंदी कानाला ते पहिल्या ओळीत खटकतं. उर्दू चांगलं वाचणाऱ्या कुणाकडे तरी महिनाभर बसा.

डेमोत तीनच तुकडे ठेवा, प्रत्येकी मिनिटभराचे, तीन वेगळ्या स्वभावांचे. पहिल्या सेकंदाला आवाज सुरू झाला पाहिजे, आलाप-बिलाप नको. कॅराओकेवर भरपूर इको टाकून गायलेलं काही पाठवू नका. ऐकणाऱ्याला तुमचा कोरडा आवाज हवा असतो.

आणि लगेच घर सोडू नका. पहिले तीन-चार महिने पंचवटी एक्सप्रेसने जा-ये करा. सकाळी नाशिक रोडला बसलात की दुपारच्या आत कामाला हजर होता येतं आणि संध्याकाळी तीच गाडी परत आणते. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस मुंबईचे ठेवा आणि तसं सगळ्यांना सांगा. तेवढ्यावर फोन येऊ लागले आणि नाशिकला असल्यामुळे कामं हुकू लागली, की मग अंधेरी-गोरेगावच्या बाजूला जागा बघा. बहुतेक स्टुडिओ त्या पट्ट्यात आहेत. तेव्हा हातात सहा महिन्यांचा पूर्ण खर्च हवा, डिपॉझिट आणि दलाली वेगळी धरून.

एक गोष्ट काकुळतीने सांगतो. भेट व्यावसायिक स्टुडिओत आणि दिवसा ठरवा, कुठे जाताय ते घरी कळवून जा, पहिल्या भेटीला सोबत कुणाला तरी न्या. खरंच काम असलेला माणूस यावर कधीच रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडचं काम गेलं तरी चालेल.

मी तबला वाजवतो, वय २६. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सव, भजनी मंडळं यांत वर्षातले सात-आठ महिने हात रिकामा नसतो. पुण्याला जावं की मुंबईला? (पंचवटी)

तुम्हाला कुणामागे बसायला आवडतं, यावर ते ठरतं. शास्त्रीय साथ, नाट्यसंगीत, कथक हे मनापासून आवडत असेल तर पुणे. तिथे १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. त्या महोत्सवामुळे आणि बाराही महिने चालणाऱ्या बैठकींमुळे जाणता श्रोता तयार झालाय. शिवाय कथकचे वर्ग भरपूर आहेत. वर्गातल्या साथीला टाळ्या मिळत नाहीत, पण महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात आणि लय इतकी पक्की होते की पुढे कुठेही डगमगत नाही. मी तर म्हणेन, दोन वर्षं कथकच्या वर्गात वाजवणं हे तबलजीचं उत्तम शिक्षण आहे. पद्धतशीर शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने पदवी करता येते.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर मुंबई, पण तिथे एकट्या तबल्यावर भागत नाही. ढोलकी, ढोलक, पखवाज, जमलं तर हँडसॉनिक (हाताने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), आणि डफ-खंजिरीसारखी हातवाद्यं. शाईचे तबले किमान चार-पाच स्वरांचे लागतात, कारण गाण्याची पट्टी काळी चार असेल तर ‘पांढरी पाचला लावलेला आहे, चालेल का?’ असं विचारण्याची सोय नसते. नाशिकचा ढोल तुमच्या हातात असेल तर तो नक्की सोबत न्या. उत्सवाच्या गाण्यांना तो ठसका लागतो आणि तो सॅम्पलमधून (आधी रेकॉर्ड केलेल्या तयार आवाजांतून) नीट येत नाही.

मुंबईत चार मुलं एका खोलीत राहतो. रियाज कुठे करायचा? शेजारी तक्रार करतात. (मूळ सिडको, सध्या मालाड)

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि बहुतेकांचा गळा इथेच मार खातो. तासाच्या भाड्याने मिळणारे जॅमपॅड, म्हणजे सरावाच्या खोल्या असतात. दुपारी ते रिकामे असतात, तेव्हा मालकाशी बोलून महिन्याचा दर ठरवा. एखाद्या शिक्षकाचा वर्ग सकाळी बंद असेल तर दोन शिकवण्या घेऊन त्या बदल्यात जागा मागा. खोलीवर मंद्र सप्तकाचा रियाज हळू आवाजात होतो, तो सोडू नका. लोकलच्या गर्दीत, पंख्याच्या आवाजावर मात करत गाण्याची हौस मात्र करू नका. त्याने गळा बसतो आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी कळतं.

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. बारावी सोडून मुंबईत म्युझिक प्रॉडक्शन करायचं म्हणतो. घरात रोज भांडणं होतात. त्याचे वडील बोलतच नाहीत त्याच्याशी. (आई, नाशिक रोड)

ताई, त्याच्याशी संगीतावरून भांडू नका, तारखांवरून बोला. तो ज्या वाटेने जायचं म्हणतोय, तिथल्याच पायऱ्या त्याला दाखवा. ललित कला केंद्राच्या पदवीला बारावी लागते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाचा जो अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी लागते आणि प्रवेश परीक्षाही असते. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. ती शास्त्रीय संगीत, लोककला अशा कलांसाठी असते. तो एखादं वाद्य गुरूकडे रीतसर शिकत असेल तर पुढच्या वर्षी तिचा विचार करता येईल. बारावी सोडली तर यांतली दोन दारं आपल्या हातानेच बंद होतात, हे त्याला शांतपणे कळू द्या.

आणि तुमच्या बाजूने काहीतरी खरं द्या. फक्त ‘आधी शिक’ म्हटलं की मुलांना ते टाळणं वाटतं. दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), एक कंडेन्सर माइक आणि बरे हेडफोन घरात आणून द्या, महागडे नकोत. पलंगाची गादी उभी करून, कपड्यांच्या कपाटाशी माइक लावून चांगलं रेकॉर्डिंग होतं. परीक्षेपर्यंत दर महिन्याला एक गाणं पूर्ण करायचं, सगळे आवाज जुळवून शेवटच्या मिक्सपर्यंत, असं ठरवा. अर्धवट पन्नास ट्रॅक सगळ्यांच्याच लॅपटॉपमध्ये असतात. वडिलांना एकदा तरी ते गाणं त्याच्यासोबत बसून ऐकायला सांगा. काही बोलले नाहीत तरी चालेल, ऐकू द्या.

मी स्वतः लिहून, चाल देऊन एक गाणं केलंय. एक कंपनी ४०,००० रुपये घेऊन ते प्रसिद्ध करते म्हणते. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं लिहिलंय. सही करू का? (देवळाली कॅम्प)

नका करू. पैसेही तुम्ही द्यायचे आणि हक्कही तुम्हीच द्यायचे, या व्यवहारात तुमच्या वाट्याला काय येतं, ते त्यांना विचारा. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण नाशिकच्या मुलांच्या हातात असे कागद मी सारखे पाहतो.

गीतकार आणि संगीतकार म्हणून तुमच्यामागे १९५७चा कॉपीराइट कायदा उभा आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर गाण्याचा हक्क कंपनीला दिलात तरी त्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात ‘मी रॉयल्टी सोडतो’ असं लिहून घेतलं तरी कायदा ते मानत नाही. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्यात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय, हे स्पष्ट हवं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ हा शब्द मुद्दाम घातलेला असतो. तो खोडायला सांगा, किंवा सही करू नका.

गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद व्हावं. ही संस्था १९६९ पासून आहे. पण सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, नाहीतर तुमच्या नावावर काही जमा होत नाही. गायकांसाठी वेगळी संस्था आहे, कारण गायकाचा हक्क कायद्यात वेगळा मानलाय.

४०,००० रुपयांत गाणं उत्तम मिक्स आणि मास्टर (प्रसिद्धीआधी आवाजावरचा शेवटचा हात) करून घेता येतं. मग एखाद्या डिजिटल वितरकाकडून ते तुम्हीच सगळ्या ॲपवर टाकू शकता. टाकताना गीतकार आणि संगीतकाराच्या रकान्यांत पूर्ण नाव भरा, नेहमी एकाच स्पेलिंगने. वितरक प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची स्वतंत्र ओळख) देतो, तो जपून ठेवा. सहगायक, वादक, मिक्स करणारा, सगळ्यांशी कुणाला किती मिळणार ते आधीच लिहून घ्या. मित्र असले तरी, किंबहुना मित्र असले म्हणूनच.

तीन वर्षं मुंबईत काढली. थोडी कामं मिळाली, पण भाडं भागवता भागवता गाणं मागे पडलं. नाशिकला परतलो तर लोक हरला म्हणतील. (मूळ सातपूर, सध्या गोरेगाव)

लोक चार दिवस बोलतील. तुम्हाला मात्र पुढची तीस वर्षं गायचं आहे. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते पुढे मुंबई सोडून याच नाशिकला येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये इथेच जन्मले आणि पुढे शिकायला पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे गेले. फाळक्यांनीही पहिला चित्रपट मुंबईत केला आणि पुढचं काम नाशिकला आणलं. त्यांनी कुठे राहायचं ते कामाकडे बघून ठरवलं, तुम्हीही तेच करा.

हिशेब एवढाच मांडा: गेल्या बारा महिन्यांत किती कामं अशी होती की तुम्ही प्रत्यक्ष मुंबईत असल्याशिवाय झालीच नसती? बरीच असतील तर खर्च कमी करून टिका, उपनगर बदला, शिकवण्या घ्या. थोडी असतील तर परत या, पण हातातली कामं सोडून येऊ नका. निघण्याआधी तुम्हाला नियमित बोलावणाऱ्या प्रोग्रामरना स्वतः जाऊन भेटा. घरून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल (स्टुडिओच्या दर्जाचं रेकॉर्डिंग) त्याच रात्री देऊ शकतो आणि गरज पडली तर सकाळच्या गाडीने येतो, हे सांगा. तिथे बसूनच त्यांना एक नमुना फाइल ऐकवा आणि आवाजात काय सुधारायचं ते विचारून घ्या. नाशिकच्या घरात खोली लावताना त्याचाच उपयोग होईल.