इनचार्ज सिस्टरनीच क्लिनिकल सुपरव्हिजन घेतलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात मानसोपचार वॉर्डात पाच जणी आहात, दरमहा क्लिनिकल सुपरव्हिजन (म्हणजे अनुभवी व्यक्तीसोबत बसून आपल्याच कामातल्या प्रसंगांवर बोलणं) सुरू करायचंय, ते इनचार्जनी घ्यावं का आणि त्यात नेमकं करायचं काय?

इनचार्जनी नको. ज्यांच्या हातात ड्युटी, रजा आणि गोपनीय अहवाल, त्यांच्यासमोर "मला त्या पेशंटची भीती वाटते" असं कोण म्हणेल? ब्रिटनमध्ये समुपदेशन शिकवणाऱ्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी 1980 च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: काम नियमात बसतंय का ते बघणं, कौशल्य वाढवणं आणि काम करणाऱ्याला सावरणं. आपल्याकडे पहिलं काम बाकीच्या दोघांना गिळतं. नर्सिंग कॉलेजात मानसोपचार शिकवणाऱ्या मॅडम किंवा दुसऱ्या वॉर्डातली अनुभवी सिस्टर बघा. कोणीच नसेल तर रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातल्या एखाद्या सिनिअर सिस्टर व्हिडिओ कॉलवर तयार होतात का, विचारा.

महिन्यातून एकदा, 45 ते 60 मिनिटं. सकाळची ड्युटी संपल्यावर घ्या, पण नाइट करून आलेलीला बसवू नका. जागा ड्युटी रूम नको, तिथे फोन वाजतच राहतो. रंकाळ्यावर चहा पिताना मन मोकळं होतं, पण ते सुपरव्हिजन नव्हे.

एका बैठकीत एकच प्रसंग. समजा, 22 वर्षांच्या मुलाला हॅलोपेरिडॉल या मानसोपचारातल्या औषधाचं इंजेक्शन दिलं. रात्री त्याची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले. नातेवाईक म्हणाले, "बाहेरचं आहे." सिस्टरनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "नाटक करतोय." तिथे "चुकलं कुणाचं?" हा प्रश्न आला की बैठक संपलीच म्हणायची. विचारायचं ते असं: इंजेक्शन किती वाजता दिलं? आधी काय दिसलं, जबडा की मान? "नाटक" हा शब्द कशामुळे सुचला? डॉक्टरांना फोन करायला किती वेळ गेला, आणि का? मग उलगडतं की ही औषधाने आलेली डिस्टोनिया होती, म्हणजे स्नायू आपोआप आखडणं. तरुण पुरुषांत ती जास्त दिसते, बहुधा पहिल्या काही दिवसांतच, आणि डॉक्टरांच्या ऑर्डरने प्रोमेथाझिन दिलं की बहुतेकदा लवकर उतरते. त्या मुलाला त्या वेळी दुखत होतं, घाबरायला झालं होतं, हेही बोलून घ्या. शेवटी ठरतं एवढंच: हँडओव्हरमध्ये इंजेक्शनची वेळ तोंडी सांगायची आणि मान, जबडा, डोळे बघायचे. पुढच्या महिन्यात पहिली पाच मिनिटं, ते झालं का याची.

पेशंटला बांधून ठेवल्याचा प्रसंग घेणार असाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 97 आधी वाचून या. नामनिर्देशित प्रतिनिधीला (कायद्यानुसार पेशंटच्या बाजूने असलेल्या व्यक्तीला) 24 तासांत कळवलं होतं का, हा प्रश्न त्यातून निघतोच.

वहीत तारीख, हजेरी, विषय आणि ठरलेली गोष्ट, बस. पेशंटचं नाव नको, गावही नको. आपल्याकडे "गडहिंग्लजकडचा, शिक्षकाचा मुलगा" एवढं म्हटलं तरी नाव निघतं. मात्र पेशंटला इजा होईल असं काही कळलं तर ते खोलीत राहणार नाही, वरिष्ठांना कळवावंच लागेल, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सहीने लिहून ठेवा.

पहिल्या दोन बैठकांना बहुतेक जणी गप्प बसतील. तेव्हा सुपरव्हायझरनी स्वतःचीच एखादी फसलेली केस मांडावी.