वाईन टेस्टिंगला चखणा काय ठेवू?

प्रश्न : येत्या शनिवारी आमच्याकडे वाईन टेस्टिंग करायचं ठरलंय, आम्ही आठ जणं. नवऱ्याने चार बाटल्या आणून ठेवल्यात, एक स्पार्कलिंग म्हणजे बुडबुडेवाली, एक सोविन्यों ब्लां ही व्हाईट, एक शिराझ ही रेड आणि एक लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां. खायला काय ठेवायचं ह्यावरून घरात रोज वाद. तो म्हणतो चिवडा आणि खारे दाणे, झालं काम. मी चीज प्लॅटरची चौकशी केली तर किंमत ऐकूनच गप्प बसले, आणि त्यातलं निम्मं कोणी खाणार नाही हेही मला माहितीये. दोघं शुद्ध शाकाहारी आहेत, एक मित्र कोल्हापूरचा, त्याला झणझणीत लागतं. काहीतरी सुचवा ना.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, चीज प्लॅटर सोडून द्या आणि नवऱ्याचे खारे दाणे ठेवा, तो अर्धा बरोबर आहे. चिवडा मात्र नको, त्यात मिरची, साखर आणि बऱ्याचदा आमचूर किंवा सायट्रिक ॲसिड असतं आणि तीनही गोष्टी वाईनची वाट लावतात. तिखटाने जिभेला आग लागते आणि अल्कोहोलने ती अजून भडकते. गोड खाल्लं की ड्राय, म्हणजे गोडी नसलेली वाईन एकदम आंबटढाण लागते. आणि आंबट खाऊन प्यायलात तर वाईन मवाळ, कधीकधी अगदी पुचाट लागते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पहिल्या टेस्टिंगला मी मोठ्या हौसेने कोथिंबीर वड्या केल्या होत्या, नेहमीसारख्या, वाटणात सहा-सात हिरव्या मिरच्या. शिराझचा ग्लास आला आणि सगळे हाशहुश करत पाणी मागायला लागले, एकाने तर वाईन चांगली नाही असं जाहीर करून टाकलं, बिचाऱ्या वाईनची काय चूक त्यात! पुढच्या वेळी त्याच वड्या एका मिरचीत केल्या, चिंच-गूळ अजिबात नाही, वरून तीळ जास्त, आणि सोविन्यों ब्लांबरोबर दिल्या. त्या वाईनला मुळात हिरवट, गवतासारखा, थोडा ढोबळ्या मिरचीसारखा वास असतो, कोथिंबिरीशी तो असा जुळला की शेवटची वडी कोणी घ्यायची यावरून मारामारी झाली.

तर तुमच्या बाटल्यांना हे करून बघा. स्पार्कलिंग सगळ्यात आधी उघडायची आणि तिच्याबरोबर तळलेली कुरडई. हसू नका. कुरडई खारट, कुरकुरीत, स्वतःची फारशी चव नाही, आणि बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातला तेलकटपणा धुवून काढतात. साबुदाणा वडाही चालेल पण लिंबाएवढा छोटा आणि चटणीशिवाय. सोविन्यों ब्लांला वरच्या वड्या, नाहीतर सुरळीची वडी, फोडणीत मिरची न घालता. मासे खाणारे असतील तर रवा लावून सुरमई, वर लिंबाचे दोन थेंब. बांगडा तळायचा मोह झाला तर तो इथेच संपवा, शिराझपर्यंत न्यायचा नाही, माशाचं तेल आणि रेड वाईनमधलं लोह एकत्र आलं की तोंडात नाणं चघळल्यासारखी चव येते.

शिराझला खरी तयारी लागते. रेड वाईनच्या तुरटपणाने तोंड कोरडं पडतं, कच्चं केळं खाल्ल्यासारखं, आणि त्याला मीठ, तूप-लोणी आणि प्रोटीन लागतं, मग तो तुरटपणा बसतो. शाकाहाऱ्यांना बटरवर परतलेले मश्रूम, भरपूर मिरेपूड घालून, कारण शिराझला स्वतःलाच मिऱ्याचा वास असतो. साधे चीज क्यूब पण चालतात, बाहेरच्या महागड्या चीजची खरंच गरज नाही. मटण खाणाऱ्यांना सुकं मटण, गरम मसाल्यात, लाल तिखट बेतानं. कोल्हापूरच्या मित्राला तांबडा रस्सा पाहिजेच असेल तर टेस्टिंग संपल्यावर जेवणात वाढा, तोपर्यंत धीर धर म्हणावं.

लेट हार्वेस्ट म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढल्यावर काढलेली, त्यामुळे ही वाईन गोड असते. ती सगळ्यात शेवटी. इथे एकच नियम, पदार्थ वाईनपेक्षा गोड नसावा. श्रीखंड तिला झाकून टाकतं, मी करून बघितलंय. त्यापेक्षा भाजलेले खारे काजू किंवा दोन-दोन जर्दाळू ठेवा, खारट आणि गोड एकत्र मस्त लागतं.

आणि एक, नाशिकच्या घरात वाईनशेजारी द्राक्षांची वाटी ठेवावीशी वाटणारच, ठेवू नका. आपण खातो ती थॉमसन गोड असते, वाईनची द्राक्षं वेगळी, बारीक, बियांची आणि जाड सालीची. थॉमसन खाऊन पुढचा घोट घेतलात की नवऱ्याने निवडलेली ड्राय वाईन आंबट, आणि मग पुन्हा वाद.

प्रमाणाचं म्हणाल तर टेस्टिंगला एका ग्लासात साधारण 60 मिली ओततात, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत आठ जणांचं होऊन उरतं. खायला प्रत्येक वाईनबरोबर माणशी दोन-तीन घास पुरे, पोट भरायचं नाहीये. मध्ये जीभ साफ करायला पाणी आणि साधा पाव, लसूण-बटरवाला नको. रेड वाईन रूम टेंपरेचरला द्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण ती रूम युरोपातली हो, आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी तीस अंश असेल, तेव्हा शिराझही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आणि त्या दिवशी उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, रूम फ्रेशनर सगळं बंद, वाईनचा निम्मा आनंद नाकात असतो.

प्रश्न : सगळे पितात पण माझी जाऊ पीत नाही, आणि तिला बाजूला बसवून ठेवणं बरं वाटत नाही. तिच्या हातात काय द्यावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कोल्ड्रिंक देऊ नका, ते इतकं गोड असतं की शेजारचा पदार्थ तिला बेचवच लागेल. कोकम सरबत करा, साखर निम्मी, चिमूटभर मीठ आणि सोडा, आणि वाईनच्याच ग्लासात द्या. कुरडई आणि सुरमईबरोबर ते इतकं छान लागतं की आमच्याकडे गेल्या वेळी तिसऱ्या बाटलीनंतर दोन पिणाऱ्यांनीही तेच मागितलं. जादा जग भरून ठेवा.